चढताना रेल्वे, उतरताना बस

१

भिकुबाई सापडल्या तेव्हा त्या बाकावर बसलेल्या होत्या. डोक्यावरून पदर, त्यावर मफलर, मांडीवर पिशवी, आणि पिशवीचे बंद दोन्ही हातांत घट्ट. नॉर्वेतल्या एका डोंगरमाथ्यावरचं ते छोटंसं स्टेशन. पाऊस तिरपा येत होता आणि बाकावरचं छप्पर नावापुरतं होतं. पाठीमागे लगेच काचेची प्रतीक्षा खोली होती. आत हीटर चालू होता, दाराला कुलूप नव्हतं. उठून मागे वळलं की ऊब. पण त्या वळल्या नाहीत.

थंडीनं गारठून हृदय बंद पडलं, असं तिथल्या डॉक्टरनं लिहिलं. तिथल्या पोलिसांनी घातपात नाही म्हणून प्रकरण मिटवलं. मृतदेह विमानानं मुंबईला आणि तिथून अँब्युलन्सनं एरंडोलजवळच्या गावी आला. पण साहेबांनी प्रकरण मिटवलं म्हणून गावात ते मिटतं असं नाही. गावाचा प्रश्न एकच होता. म्हातारीला परमुलखात एकटीला सोडून आलं कोण?

सहलीला मुलगा दीपक होता, सून पुनम होती आणि मुलगी सारिका होती. दीपकनं सांगितलं, माय सारिकासोबत होती. सारिकानं सांगितलं, माय दीपकसोबत होती. गावानं दीपकचं ऐकलं. मायला बोटीवर फिरवणारा मुलगा तो, खर्च त्याचा, रडून रडून डोळे सुजलेले त्याचे. सारिकाचे डोळे कोरडे होते. दहाव्याला ती उंबऱ्यापाशी आली, तेव्हा थोरला भाऊ ज्ञानेश्वर दारात आडवा उभा राहिला. "तुन्हं आठे काय काम शे?" इथं तुझं काय काम, एवढंच म्हणाला आणि आत निघून गेला.

वर्षश्राद्ध जवळ आलं, तेव्हा सारिका धुळ्यात देवपूरला मामाकडे आली. मामा म्हणजे अभिमन, भिकुबाईंचा धाकटा भाऊ, निवृत्त फौजदार. आयुष्यभर लोकांच्या घरातले खून आणि चोऱ्या उकलल्या. स्वतःच्या बहिणीच्या बाबतीत मात्र त्यांनी वर्षभर तोंड उघडलं नव्हतं, कारण दीपक त्यांच्याच घरी राहून कॉलेज शिकला होता. पोटच्या पोरासारखा. त्याला काही विचारायचं म्हणजे आपल्याच हातानं घराची वीट काढायची.

"मामा," सारिका म्हणाली, "तुम्ही मला गुन्हेगार समजत असाल तर तसं म्हणा. पण चौकशी करून म्हणा."

अभिमननी तिच्याकडे पाहिलं. शाळेत शिकवणारी पोर, वर्षभरात दहा वर्षांनी थकलेली. सासरी नणंदा तिला टोमणे मारत, हे त्यांच्या कानावर होतं.

"बस," ते म्हणाले. "सुरुवातीपासून सांग. मध्ये रडू नको."

"मला रडू येतच नाही, मामा. तेच तर लोकांना खुपतंय."

२

आमची बोट नॉर्वेतल्या एका खाडीच्या टोकाला सकाळी लागणार होती, सारिका सांगू लागली. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर टूरवाल्या ललितनं सगळ्यांना निवडायला सांगितलं. बोटीतच बसून राहा, नाहीतर डोंगरावर चला. डोंगराची सहल दोन प्रकारची होती. निळ्या गटानं रेल्वेनं वर जायचं, वर हॉटेलात जेवायचं, बसनं खाली यायचं. पिवळ्या गटानं उलटं, बसनं वर आणि रेल्वेनं खाली. दोन्ही गट जेवायला वर एकत्र येणार.

"मायला रेल्वे हवी होती. तुम्हाला माहीतच आहे."

अभिमनना माहीत होतं. अक्काला, त्यांच्या थोरल्या बहिणीला, बस लागायची. गावातून धुळ्याला यायला सरळ एसटी होती, पण अक्का रिक्षानं म्हसावद स्टेशनला जायची, तिथून पॅसेंजरनं चाळीसगाव, चाळीसगावला गाडी बदलून धुळे. सगळा दिवस मोडायचा. पण हसत उतरायची. बसमध्ये बसली की पहिल्या वळणाला तिचा चेहरा हिरवा पडायचा.

"ती ललितला म्हणाली, माले दोन्हीकडून रेल्वेच दे. तो म्हणाला, तसं मिळत नाही, आजी. मग ती म्हणाली, निदान पहिले रेल्वे. चांगलं पोटानं बघू. म्हणून आम्ही दोघी निळ्या गटात गेलो. निळ्यात तेवढ्याच जागा होत्या. भाऊ आणि वहिनी पिवळ्यात."

"पुढे?"

"वर जाताना इतकी खूश होती, मामा. खिडकीला नाक लावून बसली होती. बोगदा आला की म्हणायची, आते काय निघी? वर पोचलो. जेवलो. हॉटेलच्या खिडकीतून खाली जायचा रस्ता दिसत होता, नुसती वळणंच वळणं. ती बघून मायनं ताट सरकवलं. माले बसमा जानं नही, म्हणाली. मग मीच म्हटलं, वहिनी, तुम्ही मायच्या जागी बसनं या, माय भाऊबरोबर रेल्वेनं उतरेल. वहिनी हो म्हणाल्या. भाऊनं मायचा हात धरला आणि स्टेशनकडे घेऊन गेला. वहिनी माझ्याबरोबर बसमध्ये बसल्या. मागच्या सीटवर. खाली उतरल्यावर मी सरळ बोटीवर गेले, माय भाऊबरोबर येईलच म्हणून. हे मी देवाची शपथ घेऊन सांगते."

"आणि पुनम काय म्हणते?"

सारिकानं हाताची बोटं एकमेकांत अडकवली.

"त्या म्हणतात, बदलाबदली झालीच नाही. आम्ही दोघं नवरा-बायको रेल्वेनं खाली आलो. सारिकाताई खोटं बोलतात."

३

ललितचं ऑफिस जळगावात रिंग रोडला, वरच्या मजल्यावर होतं. भिंतीवर बर्फाचे डोंगर, बोटी, हातात हात घातलेली जोडपी. ललितनं चहा मागवला आणि आधीच बचावाला लागला.

"अभिमननाना, माझी काही चूक नाही. मी बसबरोबर उतरलो. रेल्वेबरोबर तिथली स्थानिक गाइड होती. बस सुटण्याआधी मी स्वतः डोकी मोजली. एकही सीट रिकामी नव्हती."

"डोकी मोजलीत. तोंडं पाहिलीत?"

ललितनं टेबलावरची माहितीपत्रकं सारखी केली.

"पाऊस होता," तो म्हणाला. "बोटवाल्यांनी सगळ्यांना एकसारखे रेनकोट दिलेले. टोप्या ओढून अर्धी माणसं झोपायला लागलेली. मागच्या सीटवर कोण होतं, मला खरंच सांगता येणार नाही. पण बस भरलेली होती."

"भुसावळचं एक जोडपं मागेच बसलं होतं म्हणे."

"त्यांना विचारलं मी. म्हणाले, तुमच्या घरच्या भानगडीत आम्हाला ओढू नका."

"आणि रेल्वेत कुणी मोजलं नाही?"

"गाइडनं डब्यात विचारलं, प्रत्येकाची माणसं आलीत का. दीपकभाऊ हो म्हणाले, असं ती सांगते. बाकीचे म्हणतात, आम्ही खिडकीबाहेर बघत होतो. आता बघा, पिवळ्या गटात त्यांच्या घरचे ते दोघंच. दोघं होते तर हो म्हणणारच."

बोलण्याच्या ओघात ललितनं त्या डोंगराचं कौतुक सुरू केलं. विकणाऱ्याची जीभ, दुःखातही थांबत नाही. "मी सगळ्यांना सांगत असतो, नाना, आधी रेल्वे घ्या. बसनं वर जाणाऱ्याला काही दिसत नाही. वर जायचा रस्ता लांबच लांब बोगद्यातून आहे, खिडकीत नुसता काळोख. तो नागमोडी घाट एकेरी आहे, फक्त उतरायला. खरी मजा उतरताना."

"माझ्या बहिणीला मजा नको होती," अभिमन म्हणाले.

ललितनं मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाला, "एक गोष्ट मी घरच्यांना सांगितली नाही. सांगून काय उपयोग, असं वाटलं. स्टेशन झाडणारी एक बाई होती. तिनं तिथल्या पोलिसांना सांगितलं की म्हातारी बाहेर कुडकुडतेय म्हणून मी तिला हाताला धरून आत नेलं, हीटरजवळ बसवलं. जरा वेळानं पाहते तर ती परत बाहेर येऊन त्याच बाकावर बसलेली. पुन्हा बोलावलं तर मान हलवली आणि रुळांकडे बोट दाखवलं."

अभिमननी चहाचा कप न पिताच खाली ठेवला. आश्विनातच शाल काढणारी त्यांची अक्का उबेतून उठून पावसात येऊन बसली होती. आपखुशीनं कोणी असं करत नाही.

तिला तिथं बसायला कोणीतरी सांगितलं होतं.

४

महाबळमधल्या फ्लॅटमध्ये दीपकनं मामाच्या पायाला हात लावला आणि तिथेच रडायला लागला. हॉलमध्ये मायचा मोठा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. फोटो बोटीच्या डेकवरचा होता. माय खुर्चीत, दीपक तिच्या पायाशी.

"हा कधीचा?" अभिमननी विचारलं.

"आदल्या दिवशीचा. ग्रुपमधल्या लोकांनी काढला. सगळे म्हणायचे, दीपकभाऊ म्हणजे आजच्या काळातला श्रावणबाळ. माझा तिथे सत्कार केला, मामा, डेकवर. शाल दिली. आणि दुसऱ्याच दिवशी..." त्यानं फोटोवरचा हार सरळ केला.

"रेल्वेत गाइडनं विचारलं, तेव्हा तू काय म्हणालास?"

"म्हणालो, आमची माणसं आहेत. मी आणि पुनम."

"मायला स्टेशनवर पाहिलंस?"

"ती निळ्या गटात होती, मामा. छातीवर गटाची निळी पट्टी लावलेलीच सापडली ती. निळा गट बसचा. मी तिला रेल्वेपाशी कशाला शोधू? ती सारिकाची जबाबदारी होती. मी बहिणीला दोष देत नाही. गर्दीत हात सुटला असेल."

शब्द मोठ्या मनाचे होते. असा मोठेपणा करणारी माणसं अभिमननी कोठडीतही पाहिली होती. पण समोर दीपक होता. सायकल शिकताना पडून त्यांच्याच मांडीवर बसून टाके घालून घेतलेला. त्याला खोटा ठरवायला मन तयार होईना. पट्टीचं म्हणणंही खोडता येत नव्हतं.

दीपक दुकानात गेला. पुनमनं पोहे आणून ठेवले. ती सावकाश चालणारी, कमी बोलणारी बाई. अभिमननी सासू-सुनेचा, माहेरचा विषय काढला, मग सहज सहलीवर आले.

"तुलाही बस लागते का गं?"

"थोडी लागते, मामा. आईंएवढी नाही. पण त्या दिवशी मात्र जीव गोळा झाला. बस एकेका वळणावर अशी वळायची, की पुढचं चाक हवेतच आहे असं वाटे. एका अंगाला एक धबधबा, दुसऱ्या अंगाला दुसरा. वळलं की हा खिडकीशी, परत वळलं की तो. मी पुढच्या सीटची दांडी धरून डोळेच मिटून घेतले."

"आणि रेल्वे?"

"रेल्वे छान होती," पुनम म्हणाली. "फार छान होती." आणि रिकामी बशी उचलून आत गेली.

अभिमन जिना उतरून रस्त्यावर आले. रिक्षा समोर थांबली, रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, कुठं जायचं. त्यांना ऐकूच गेलं नाही. 

पुनम त्या घाटातून गेली होती. आणि तो घाट फक्त उतरायचा होता.

५

दीपकचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान होतं. काळ्या नळ्यांची भेंडोळी छतापर्यंत रचलेली. गिऱ्हाईक गेल्यावर अभिमननी स्वतः शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसले.

"दीपक, आता मी बोलतो. मध्ये तोडू नको. तू म्हणतोस, पुनम तुझ्यासोबत रेल्वेनं उतरली. म्हणजे ती बसनं फक्त वर गेली. वर जाणारी बस बोगद्यातून जाते. खिडकीत काळोख. मग तिनं ती वळणं कुठं पाहिली? दोन बाजूंचे दोन धबधबे कुठं पाहिले? तिनं मला आत्ता सगळं वर्णन करून सांगितलं. बिचारीला माहीत नाही ती काय बोलून गेली ते."

दीपक नळीच्या टोकाशी चाळा करत राहिला.

"म्हणजे ती बसनं खाली आली. म्हणूनच बस भरलेली होती. ललितची मोजणी बरोबर होती आणि सारिकाचं बोलणंही बरोबर होतं. पट्टीचं म्हणशील तर जागा बदलल्या, पट्ट्या बदलायचं कुणाच्या ध्यानात येतं? पुनम बसमध्ये, तर तिची रेल्वेची जागा अक्काची. रेल्वेत गाइडला तू सांगितलंस, आमची माणसं आहेत. तुझ्याशेजारी कोण होतं तेव्हा?"

"मामा..."

"आणखी एक. तिला कुणीतरी आत उबेला नेलं होतं. ती परत बाहेर आली. लहानपणी बापानं तिला अमळनेर स्टेशनवर गाठोड्यापाशी बसवलं होतं. आठेच बस, इथंच बस म्हणून. बाप बाजारात अडकला. ती भुकेली, लघवीला न उठता बसून राहिली, लोकांनी हाताला धरलं तरी उठेना. ती तशीच होती. पण परक्याच्या सांगण्यानं बसणारी नव्हती. नॉर्वेत तिला आठेच बस म्हणणारी सारिका नव्हती, तर एकच माणूस उरतो."

बाहेर रस्त्यावर एक ट्रॅक्टर गेला. दीपकनं मान वर केली. आणि बोलला तेव्हा तो रडत नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा त्याचे डोळे कोरडे होते.

"मी तिला मारलं नाही, मामा."

"मी तसं म्हटलं नाही. काय झालं ते सांग."

"फलाटावर गर्दी होती. ग्रुपमधले ओरडत होते, दीपकभाऊ, या, खिडकीची जागा धरलीय, धबधब्याच्या बाजूची. मी तिला बाकावर बसवलं. म्हटलं, डबा बघून येतो, हालू नको. मी चढलो. जागा बघितली. तेवढ्यात दारं लागली. आपोआप लागतात ती. काचेतून ती दिसली. तिला वाटलं, मी सांगून चाललोय. तिनं हात केला."

"साखळी? गार्ड?"

"गाइड समोरच आली. विचारलं तिनं. मी हो म्हणालो."

"का?"

दीपकनं नळी खाली टाकली. "सगळे बघत होते. आदल्याच दिवशी शाल घातली होती त्यांनी मला. मी काय सांगणार होतो? मायला विसरलो? मला वाटलं, मागून दुसरी गाडी आहे. तिला फोन केला. म्हटलं, आठेच बस, हालू नको, मी ऊ ऱ्हायनू, येतोच मी. ती म्हणाली, बरं. खाली उतरलो. पुनम बसनं आली होती. तिला म्हटलं, माय पुढच्या गाडीनं येईल. गाडी आली. ती नव्हती. मग तिच्या पुढची आली. मी म्हटलेलं ना, हालू नको. ती कुठल्या गाडीत चढणार, मामा?"

अभिमननी डोळे मिटले.

"मग वर का नाही गेलास?"

"जाणारच होतो. पण प्रत्येक गाडीला वाटायचं, आता येईल. जितका उशीर होत गेला तितकं तोंड उघडणं अवघड होत गेलं. शेवटी ललितनं बोटीवर चढताना माणसं मोजली आणि विचारलं, आजी कुठेत? माझ्या तोंडून निघून गेलं, सारिकासोबत. एकदा निघालं ते निघालं."

अभिमनच्या मनात आलं, याला उठून एक थोबाडीत मारावी. हात उचलला गेला नाही. याच हातानं त्याला कॉलेजची फी भरायला नेलं होतं.

"वर्षश्राद्धाला बठ्ठे, सगळी भावकी, जमतील," ते म्हणाले. "तिथं हे सांगायचं. असंच. शब्द न बदलता. नाहीतर मी सांगेन."

"सांगतो, मामा. मायची शप्पथ."

मायची शपथ. अभिमन शटर वर करून बाहेर पडले.

६

वर्षश्राद्धाला अंगणात मांडव होता. ब्राह्मण जेवून उठले, भावकी बसायची होती. अभिमननी सारिकाला सोबत आणलं होतं. ती मांडवाच्या बाहेर लिंबाखाली उभी राहिली. ज्ञानेश्वरनं तिला पाहिलं. मामा सोबत असल्यामुळे हाकललं नाही.

दीपक उभा राहिला. हात जोडले. आवाज घोगरा होता आणि चांगला लागला होता.

"माय गेली त्याला वर्ष झालं. या वर्षात सारिकाला लोक खूप बोलले. मला आज सांगायचंय, की चूक एकट्या तिची नव्हती. वर जागांची बदलाबदली झाली होती. गोंधळ झाला. तिला वाटलं माय माझ्याकडे आहे, मला वाटलं तिच्याकडे आहे. चूक दोघांची आहे. मी माझ्या वाट्याची कबूल करतो आणि बहिणीला माफ करतो."

भावकीत सुस्कारे निघाले. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, भाऊ असावा तर असा.

अभिमन उठायला लागले. पण त्यांच्या आधी ताटं मांडणाऱ्या बायकांमधून पुनम पुढे आली. हातातलं कढीचं भगोनं तिनं जमिनीवर ठेवलं.

"मी बसमध्ये होते," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मांडव शांत झाला. "सारिकाताईंच्या मागच्या सीटवर. आई यांच्याबरोबर होत्या. यांनी त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतः गाडीत चढले. गोंधळ नव्हता. काचेतून दिसत होत्या त्या यांना, हे यांनीच मला सांगितलंय."

"पुनम," दीपक म्हणाला.

"वर्षभर तुम्ही सांगितलं तसं बोलले. म्हटलं, खरं बोललं तर घर मोडेल. पण आज तुम्ही ताईंना माफ केलं. ते मला ऐकवलं नाही." ती ज्ञानेश्वरकडे वळली. "दादा, बंदरावर हे गाडीची वाट बघत बसले होते आणि फोन खुर्चीवर पालथा ठेवला होता. तो वाजत होता. मी उलटा करून बघितला. आईंचं नाव होतं. मी म्हटलं, उचला. हे म्हणाले, शेजारी भुसावळवाले बसलेत, आत्ता नको. परत वाजला. मग वाजायचा थांबला."

अभिमन उभेच राहिले. हे दीपकनं त्यांना सांगितलं नव्हतं. फौजदारकीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी कबुलीजबाब घेतले होते. माणूस कबूल करतानाही एक गोष्ट मागे ठेवतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही त्या दुकानात त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नव्हता. विचारायची हिंमत झाली नव्हती.

 दीपकनं आजूबाजूला पाहिलं. ज्यांनी सुस्कारे टाकले होते, ते ताटांकडे बघत होते. तो खाली बसला, मग उठला, आणि मांडवातून निघून मागच्या दारानं खळ्याकडे गेला. त्याच्या मागं कोणी गेलं नाही. पुनमसुद्धा नाही. तिनं भगोनं उचललं, पण वाढायला सुरुवात केली नाही.

ज्ञानेश्वर लिंबापाशी गेला. रापलेला, जाडजूड माणूस. बहिणीसमोर उभा राहिला तेव्हा त्याला हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"सारू," तो म्हणाला, "मन्ही चूक जयी. चाल, घरमा चाल. मायना फोटोले हार घाल."

सारिकानं दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर ताजी रांगोळी होती. वर्षभर तिनं याच शब्दांची वाट पाहिली होती, हे अभिमनना ठाऊक होतं. ती आता पुढे होईल, रडेल, असं त्यांना वाटलं.

"दादा," ती म्हणाली, "भाऊ खोटं बोलला. वहिनी भ्याली. तू काय केलंस, सांगू? तू मला एकदाही विचारलं नाहीस. फोन करूनसुद्धा नाही. दारात आडवा उभा राहिलास, पण सारू, काय झालं गं, एवढंसुद्धा तुझ्या तोंडून निघालं नाही."

ज्ञानेश्वर उंबऱ्यावरच्या रांगोळीकडे बघत राहिला. 

"मायचा फोटो माझ्याकडे पण आहे," सारिका म्हणाली.

तिनं पर्स खांद्याला लावली आणि पांदीनं फाट्याकडे चालू लागली. अभिमननी मांडवात एकदा मागे वळून पाहिलं. मामाचं ताट मांडलेलं होतं. ज्ञानेश्वर लिंबाखाली तसाच उभा होता.

फाट्यावर धुळ्याची एसटी आली, तेव्हा मामा-भाची दोघंच चढली. सारिका खिडकीशी बसली. गाडीनं वेग घेतला आणि मग तिला रडू आलं, अगदी आवाज न करता. अभिमननी विचारलं नाही. खिडकीची काच तेवढी ओढून घेतली, कारण वारा थंड येत होता.